पत्नीसाठी जुनी जिप्सी नव्याने बांधायची असेल, तर कामाचा क्रम कसा ठेवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण १९९९ सालची, कार्ब्युरेटर असलेली, कापडी टपाची मारुती जिप्सी किंग विकत घेतली आहे. गाडी साताऱ्याकडच्या शेतावर बरीच वर्षे राबली असून आता ती पूर्ण उघडून नव्याने बांधायची आपली इच्छा आहे. चालवणार आहेत आपल्या पत्नी. मित्रमंडळींच्या गाड्यांवर त्या ऑफ-रोड चालवायला शिकल्या, त्यांची उंची पाच फूट एक इंच आहे, आणि मुळशी, वेल्हे, भोर या बाजूच्या कच्च्या वाटांवर त्यांना स्वतःच्या गाडीने जायचे आहे. लिफ्ट (गाडीची उंची वाढवणे) किती इंचांची करावी, टायर कोणते घ्यावेत, लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) बसवावा का आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र) कोणता घ्यावा, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत.

या चारही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो, परंतु बांधणीत त्यांचा क्रम शेवटचा आहे. ज्या गाडीचे स्टीअरिंग चालवणाऱ्याच्या हातांना झेपते, जिचा क्लच पाठ सीटला टेकलेली असताना पूर्ण दाबता येतो, जिच्यातून पुढच्या चाकाची जागा अचूक ओळखता येते आणि जी अडकली तर चालवणाऱ्याला स्वतःच्या बळावर सोडवता येते, तीच गाडी त्या व्यक्तीची होते. म्हणून प्रत्येक खरेदीपूर्वी एकच कसोटी लावावी, की या वस्तूमुळे आपल्या पत्नीचे कष्ट कमी होणार आहेत की वाढणार आहेत. या कसोटीवर मोठी लिफ्ट, रुंद टायर आणि लोखंडी बंपर हे तिन्ही सहसा नापास होतात. हा स्त्री-पुरुषाचा प्रश्न नाही. उंची, हाताची लांबी आणि गाडीचे वजन यांचे हे गणित आहे, आणि कमी उंचीच्या पुरुषालाही ते तसेच लागू पडते.

गाडीची निवड उत्तम आहे, हे आधी सांगतो. मारुतीने १९८५ च्या अखेरीस ९७० सीसीची जिप्सी आणली, १९९३ मध्ये तिच्या दोन चाकांमधले अंतर वाढवले आणि १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन व पाच गिअर असलेली जिप्सी किंग बाजारात आली. २००० मध्ये तिला सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारे) इंजिन मिळाले. म्हणजे आपली गाडी कार्ब्युरेटरच्या अखेरच्या काळातली आहे. कापडी टपाच्या जिप्सी किंगचे वजन सुमारे १००० किलो आणि रुंदी १५४० मिलिमीटर आहे. २०२० नंतरची थार १८२० मिलिमीटर रुंद आणि कितीतरी जड आहे. करवंदीच्या जाळ्यांमधून जाणारी अरुंद बैलगाडीवाट असो किंवा ओढ्याकाठची एका बाजूने खचलेली वाट असो, हे २८ सेंटिमीटर आणि ते वजन निर्णायक ठरते. सपाट बॉनेट, उभी काच आणि दोन्ही बाजूंच्या मडगार्डांच्या दिसणाऱ्या कडा यांमुळे चाक नेमके कुठे आहे, हे जिप्सीत जितके स्पष्ट कळते तितके आजच्या फार थोड्या गाड्यांत कळते. सुटे भागही मिळतात, कारण लष्कर आणि पोलिस खात्याने ही गाडी दीर्घकाळ वापरली आणि इंजिनाचे कुटुंब एस्टीमशी सामाईक आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी कागद तपासावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे १९९९ च्या गाडीचे नूतनीकरण २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये झालेले असले पाहिजे आणि महाराष्ट्रातला पर्यावरण करही भरलेला असला पाहिजे. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले आहे आणि जुन्या गाड्यांना ते आणखी जाचक झाले आहे, तेव्हा तो खर्च हिशेबात धरावा. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः घासून, स्वच्छ करून, नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. शेतावर राबलेल्या गाड्यांत इंजिन बदललेले असणे आणि त्याची नोंद झालेली नसणे हे सर्रास आढळते. क्रमांक जुळत नसतील, तर तो प्रश्न परिवहन कार्यालयात सुटेपर्यंत गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये.

त्यानंतर चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॉडी उतरवूनच काम करावे, असा माझा आग्रह आहे. बॉडी न उतरवता केलेली बांधणी म्हणजे रंगरंगोटी होय. जिप्सीची चॅसी पेटीच्या आकाराच्या नळ्यांची आहे आणि तिच्या आत चिखल साठतो. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून रंग चांगला दिसत असतानाही पत्रा कागदाइतका पातळ झालेला असू शकतो. मागच्या पाट्यांच्या (धक्के शोषणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे, आधार, मागच्या चाकांच्या वरची चॅसीची कमान आणि बॉडी टेकते त्या रबरी माउंटांच्या बैठका या जागा हातोडीने ठोकून आणि जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहाव्यात. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तो भाग कापून काढावा. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्डिंग करणारे मिस्त्री पुष्कळ भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. कापलेल्या जागी त्याच जाडीचा पत्रा बसवावा, वरची पट्टी टोकांना निमुळती ठेवावी आणि चॅसीच्या लांबीला काटकोनात जाणारा सरळ आडवा वेल्ड टाळावा, कारण ताण त्याच रेषेवर एकवटतो आणि काही पावसाळ्यांनी तिथेच तडा जातो. काम झाल्यावर नळीच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारावा आणि पाणी निघून जाण्याची मूळ छिद्रे मोकळी ठेवावीत. बॉडीच्या बाबतीत पायाखालचा पत्रा आणि पुढच्या काचेच्या चौकटीचा तळ हे दोन भाग नीट पाहिले, तर बाकीचे डेंटिंगचे काम सरळ आहे.

आता ज्या भागाकडे बहुतेक बांधणीत सर्वांत कमी लक्ष जाते, त्याबद्दल सविस्तर लिहितो. चॅसीवर बॉडी परत बसली, की रंग देण्यापूर्वी, आसने कायमची बसवण्यापूर्वी, आपल्या पत्नींना गाडीत बसवावे. त्यांनी ट्रेलवर (ऑफ-रोड वाटेवर) घालायचे तेच बूट घातलेले असावेत. मूळ सीट सपाट असून तिला बाजूचा आधार जवळजवळ नाही. उताराला गाडी कलली, की चालवणारी व्यक्ती स्टीअरिंगला धरून स्वतःला सावरते, आणि स्टीअरिंग हा आधाराचा दांडा झाला की गाडीवरचा ताबा सुटतो. त्यामुळे बाजूंना आधार देणारी, पण फार खोल नसलेली सीट निवडावी. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे आणि त्याच वेळी बॉनेटची पुढची कड दिसली पाहिजे. पाच फूट एक इंच उंचीला या तीन गोष्टी मूळ रुळांवर एकाच वेळी जुळणे कठीण असते. सीट पुढे घेतली तर स्टीअरिंग छातीला येते, मागे ठेवली तर क्लच पुरत नाही. यावर उपाय म्हणजे सीटखाली लोखंडी चौकट बांधून ती थोडी उंच आणि पुढे आणणे, आणि आवश्यक असल्यास क्लचच्या पेडलवर पक्की पट्टी वेल्ड करून ते जवळ आणणे. चौकटीचे बोल्ट उच्च ताकदीचे असावेत आणि फरशीच्या पत्र्याखाली जाड पट्ट्या द्याव्यात, नाहीतर आदळआपटीत बोल्ट पत्रा फाडून वर येतात. सीटखाली लाकडी ठोकळे कधीही ठेवू नयेत. सीटबेल्ट तीन बिंदूंचा असावा आणि त्याची वरची बैठक खांद्याच्या उंचीला असावी. उंच माणसाच्या मापाने बसवलेला पट्टा कमी उंचीच्या व्यक्तीच्या मानेवरून जातो आणि मग ती व्यक्ती तो लावणेच टाळते.

जिप्सीचा क्लच केबलचा आहे. केबल जुनी झाली, तिला चुकीचे वळण दिले गेले किंवा प्रेशर प्लेट झिजली, की पेडल दगडासारखे होते आणि लोक म्हणतात की जिप्सीचा क्लच जडच असतो. तसे नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि केबल हे सारे एकदम नवे घालावे, क्लच फोर्कच्या शाफ्टला ग्रीस द्यावे आणि केबलचा मार्ग सैल, मोठ्या वळणाचा ठेवावा. दगडांतून जाताना एका तासात क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. डावा पाय थकला, की निर्णयही थकतात.

स्टीअरिंगचेही तसेच आहे. बहुतेक जुन्या जिप्सींना पॉवर स्टीअरिंग नसते, म्हणून लगेच विजेवर चालणारे स्टीअरिंग बसवण्याचा विचार मनात येतो. आधी मूळ यंत्रणा निरोगी करावी. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना स्टीअरिंग नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) किंगपिनची, म्हणजे चाक ज्याभोवती वळते त्या खुंटीची, वरखाली शंकूच्या आकाराची बेअरिंगे असतात. त्यांत चिखलाचे पाणी शिरले, की त्यांवर खाचा पडतात आणि स्टीअरिंग मध्यावर अडकल्यासारखे होते. बेअरिंगे बदलून शिम (पातळ चकत्या) घालून त्यांचा ताण कारखान्याच्या दुरुस्तीपुस्तिकेप्रमाणे बसवावा. तो ताण कमी राहिला, तर ठरावीक वेगाला खड्डा लागताच पुढची चाके थरथरू लागतात. अशा वेळी अनेक गॅरेजांत मोठा स्टीअरिंग डॅम्पर बसवून थरथर दडपली जाते. तो उपाय नव्हे. डॅम्पर झिजेल तेव्हा दोष अधिक वाढलेला असेल. टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंक, स्टीअरिंग बॉक्समधले तेल आणि त्याचे चॅसीवरचे बोल्ट या सर्वांचे काम झाल्यावर आणि टायर मूळ रुंदीच्या जवळ ठेवल्यावर स्टीअरिंग किती हलके होते, हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. त्यानंतरही आपल्या पत्नींना ते जड वाटले, तर मारुतीच्या लहान गाड्यांतील स्टीअरिंग दांड्यावरची विद्युत मोटर जिप्सीला जोडणारे कुशल कारागीर आपल्याकडे आहेत. परंतु दांड्याचे सांधे घरगुती वेल्डिंगचे नसावेत आणि वीज गेली तरी स्टीअरिंग हाताने पूर्ण फिरले पाहिजे, याची खात्री बसवण्यापूर्वी करून घ्यावी.

ब्रेकबाबत तडजोड नको. मास्टर सिलिंडर, रबरी होज, पुढचे कॅलिपर आणि मागच्या ड्रममधले सिलिंडर नवे असावेत. गंजलेल्या लोखंडी नळ्याही बदलाव्यात. ओढा ओलांडल्यावर मागचे ड्रम भिजतात आणि काही काळ नीट धरत नाहीत, म्हणून बाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबून थोडे अंतर चालवण्याची सवय लावावी. हँडब्रेक तीव्र चढावर भरलेली गाडी रोखून धरतो की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे. चढावर इंजिन बंद पडले असता शांतपणे विचार करण्याचा अवकाश हँडब्रेकच देतो.

पुढच्या ॲक्सलमधील आतले सील गेलेले असेल, तर डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) तेल नकलमध्ये उतरते, तिथले ग्रीस पातळ होते आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतात. नकल उघडलेलीच असते, तेव्हा सीव्ही जॉइंटही (चाक वळलेले असतानाही ताकद पोचवणारा सांधा) पाहावा. चाकांवर फ्री व्हील हब (पुढची चाके ॲक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे भाग) हाताने फिरवायचे असतील, तर ते उघडून स्वच्छ करावेत. चिखलात वाकून अडकलेला हब फिरवणे हे त्रासाचे काम आहे, म्हणून ट्रेलला निघण्यापूर्वी डांबरी रस्ता संपताच हब लावण्याचा नियम ठेवावा. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असून तो रबरी माउंटांवर टांगलेला असतो. ती रबरे फाटली, की ट्रान्सफर केस जोर पडताच वळतो, प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात, गाडी हादरते आणि लो रेंज (सावकाश, जास्त जोराने चालण्याची गिअरश्रेणी) आपोआप सुटण्याची शक्यता निर्माण होते. नवी रबरे स्वस्त आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारण एवढेच, की ती दिसत नाहीत. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना (आतली हवा ये-जा करण्याच्या छिद्रांना) लांब रबरी नळ्या जोडून त्या बॉनेटखाली उंचावर आणाव्यात. गरम झालेले हौजिंग थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढले जाते. पावसाळी ट्रेलनंतर तेलाचा रंग दुधाळ दिसला, तर ते त्याच आठवड्यात बदलावे.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते या गाडीचे सर्वांत विश्वासू अंग आहे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. ते १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल आणि सिलिंडरांमधला फरक एकापेक्षा अधिक नसेल, तर इंजिन उघडण्याचे कारण नाही. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सर्व होज आणि पुढची-मागची सील बदलावीत. रेडिएटरचा गाभा नवा करावा आणि थर्मोस्टॅट परत बसवावा. आपल्याकडे तो काढून टाकण्याची चुकीची प्रथा आहे, त्यामुळे इंजिन थंडच चालते आणि पेट्रोल जास्त पिते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि १९९९ च्या गाडीतील रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गास्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे. हे आगीपासूनचे संरक्षण आहे. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी तीव्र चढावर कलते आणि इंजिन गुदमरते. फ्लोट अचूक बसवला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. एमपीएफआय इंजिन बसवण्याचा मोह होईल, पण त्याची नोंदणीत परवानगीसह नोंद करावी लागते आणि वायरिंगचे काम दुप्पट होते. नीट जुळवलेला कार्ब्युरेटर मला अधिक योग्य वाटतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला सिलिकॉन ग्रीस आणि रबरी आवरण द्यावे. वायरिंग पूर्ण नवे करावे आणि बॅटरी तोडणारा स्विच चालकाच्या हाताला येईल असा ठेवावा.

आता आपला पहिला प्रश्न, लिफ्ट. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत आणि ते भार वाहण्यासाठी कडक ठेवलेले आहेत. रिकाम्या गाडीत ते नीट हलतच नाहीत, त्यामुळे चाक हवेत उचलले जाते आणि पकड जाते. पाटे उतरवून गंज काढून, ताण तपासून, मागच्या जुडग्यातला एक पाटा कमी करून, पाट्यांच्या टोकांना नायलॉनच्या पट्ट्या देऊन आणि सर्व बुश नवे घालून जी लवचिकता मिळते, ती तीन इंचांच्या लिफ्टपेक्षा उपयोगी असते. शॅकल लांब करून उंची वाढवली, तर पुढच्या ॲक्सलचा कास्टर कोन बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते. पाटे ॲक्सलच्या वर चढवण्याची पद्धत चार-पाच इंच उंची देते, पण त्यासाठी पिनियनचे कोन, ड्रॅग लिंक आणि ब्रेकच्या नळ्या असे सारेच बदलावे लागते. मुख्य म्हणजे जिप्सीच्या चाकांमधले अंतर जेमतेम १३०० मिलिमीटर आहे. वेल्ह्याकडच्या तिरप्या उतारांवर ही उंची थेट उलटण्याच्या धोक्यात मोजावी लागते. शिवाय प्रत्येक इंचाबरोबर आपल्या पत्नींना गाडीत चढणे आणि समोरची जमीन पाहणे कठीण होत जाईल. नव्याने बसवलेल्या पाट्यांतून आपसूक मिळणारा एक-दीड इंच पुरेसा आहे.

टायरचे गणित स्वतः मांडून पाहावे. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर होतो. २१५/७५ आर १५ चा ७०३ आणि २३५/७५ आर १५ चा ७३३ मिलिमीटर होतो. ॲक्सलखालची उंची व्यासातील फरकाच्या निम्म्याने वाढते, म्हणजे पहिल्या पर्यायात सुमारे १८ आणि दुसऱ्यात सुमारे ३३ मिलिमीटर. त्याच्या मोबदल्यात मोठा टायर सुमारे दहा टक्के गिअरिंग खाऊन टाकतो. जिप्सी किंगच्या ट्रान्सफर केसचे हाय गुणोत्तर १.४०९ आणि लो २.२६८ आहे, म्हणजे लो रेंज ही हायपेक्षा फक्त १.६ पट सावकाश आहे. जी गाडी मुळातच पुरेशी सावकाश रांगत नाही, तिला आणखी वेगवान करणे म्हणजे चालवणाऱ्याला प्रत्येक दगडावर क्लच सरकवायला लावणे. म्हणून माझे मत २१५/७५ च्या बाजूने आहे. पुढे पैसे उरले, तर ट्रान्सफर केसमध्ये अधिक सावकाश लो गिअर बसवावेत. नव्या चालकाला आत्मविश्वास देणारा याहून चांगला बदल या गाडीत नाही. टायरची नक्षी ऑल-टेरेन (सर्व प्रकारच्या जमिनीसाठीची) असावी. देशावरची काळी माती कोणत्याही टायरच्या खाचा भरून टाकते, आणि सह्याद्रीतल्या ओल्या, शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर कडक मड-टेरेनपेक्षा (चिखलासाठीच्या टायरपेक्षा) हवा कमी केलेला ऑल-टेरेन टायर अधिक घट्ट धरतो. हलक्या जिप्सीला ट्रेलवर १६ ते १८ पीएसआय हवा पुरते. त्यासाठी चांगला हवामापक आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर ही खरेदी लिफ्टच्या कितीतरी आधी करावी.

लॉकर सध्या नको. पुढच्या डिफरन्शियलमध्ये लॉकर बसवला, तर हाताने फिरवायचे स्टीअरिंग फार जड होते आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर जोर देताच सीव्ही जॉइंट तुटू शकतो. डिफरन्शियल वेल्ड करून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो रस्त्यावरही धावणाऱ्या गाडीसाठी अजिबात मानू नये. उघड्या डिफरन्शियलवर एक-दोन पावसाळे चालवल्याने चाकाची वाट निवडण्याची नजर तयार होते. त्यानंतर त्यांना गरज वाटली, तर फक्त मागच्या बाजूचा विचार करावा.

विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. भरलेली जिप्सी सुमारे दीड टनांची होते, म्हणून ६००० पौंडांचा विंच पुरतो. मोठ्या गाड्यांसाठीचा अवजड विंच आणि त्याखालचा लोखंडी बंपर पुढच्या पाट्यांवर नाहक भार टाकतो आणि स्टीअरिंग पुन्हा जड करतो. दोर सिंथेटिक घ्यावा. तो हलका असतो, हाताला टोचत नाही आणि तुटला तर पोलादी दोराइतका घातक ठरत नाही. खरे तर विंचच्याही आधी चॅसीला पुढे-मागे बोल्टने पक्के केलेले ओढण्याचे हूक, दोन बो शॅकल (दोर अडकवायची धनुष्याकृती कडी), एक कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, झाडाला लावायचा रुंद पट्टा आणि एक हलके फावडे हवे. टोइंगचा गोळा ओढण्यासाठी कधीही वापरू नये. तो तुटून काचेतून आत येतो. उंच हाय-लिफ्ट जॅक जड असतो आणि निसटला की जबडा फोडतो. त्याऐवजी बॉटल जॅक आणि खाली ठेवायला जाड फळी द्यावी. चाकाचे नट टायरवाल्याकडे हवेच्या गनने आवळलेले असतात आणि ते रस्त्यात कोणालाच सुटत नाहीत, म्हणून ते हाताने ठरल्या ताणाला आवळून घ्यावेत आणि गाडीत लांब दांड्याचा पाना ठेवावा. हे सारे सामान जिथे ठेवायचे, ती जागा आपल्या पत्नींनी ठरवावी. सुटे चाक उतरवणे, बसवणे आणि दोर जोडणे हे त्यांनी अंगणात, कोरड्या जमिनीवर, आपली मदत न घेता करून पाहावे. जे तिथे जमत नाही, ते सामान बदलावे.

रोल केजविषयी (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या चौकटीविषयी) आपण विचारले नाही, पण कापडी टपाच्या गाडीत तो विषय येतोच. केज चॅसीला जोडलेला असावा, केवळ फरशीच्या पत्र्याला नव्हे. डोक्याजवळच्या नळ्यांवर घट्ट फोम हवा, कारण हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचे डोके साध्या रस्त्यावरच्या धडकेतही त्या नळीवर आदळू शकते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. डिसेंबर २०१७ पासून पुढचे क्रॅश गार्डही याच कलमाखाली कारवाईस पात्र आहेत. नोंदणी नूतनीकरणाच्या पासिंगला गाडी तपासली जाते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीही तपासते. गाडी मूळ स्वरूपाच्या जवळ ठेवा, असे मी सांगतो त्याचे हेही एक कारण आहे. रंग बदलणार असाल, तर त्याची नोंद करून घ्यावी.

एक विनंतीही करतो. अभयारण्यांतल्या आणि राखीव वनांतल्या वाटांवर परवानगीशिवाय गाडी नेऊ नये आणि सह्याद्रीच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) तर कधीच नेऊ नये. कासचे पठार ज्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे, तसल्याच वनस्पती इतर अनेक सड्यांवर बोटभर मातीच्या थरात उगवतात, आणि चाकाखाली गेलेला तो थर परत तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. भातखाचरांच्या बांधांवरून गाडी घालू नये. वाट शेतातून जात असेल तर मालकाला विचारावे.

बांधणी सुरू असताना आपल्या पत्नींनी गॅरेजमध्ये यावे, निदान चॅसी, पुढचा ॲक्सल आणि वायरिंग ही कामे त्यांनी समोर उभे राहून पाहावीत. कुठला आवाज कुठून येतो, फ्यूज कुठे आहे, हब कसा उघडतो, हे ज्याने पाहिलेले असते तो ट्रेलवर घाबरत नाही. चढावर इंजिन बंद पडल्यावर काय करायचे, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवावे: ब्रेक दाबून धरावा, लो रेंजचा पहिला गिअर तसाच ठेवावा आणि क्लच न दाबता चावी फिरवावी. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला, की गाडी स्वतःच रांगत पुढे सरकते आणि त्याच क्षणी ब्रेक सोडायचा. उतारावर मागे यायचे असेल, तर हीच कृती रिव्हर्स गिअरमध्ये करायची. मोकळ्या, सौम्य चढावर याचा सराव पुरेसा झाला, की मगच मोठ्या चढाला हात घालावा.

पहिले ५०० किलोमीटर गाडी फक्त रस्त्यावर आणि सपाट कच्च्या वाटेवर चालवावी. त्यानंतर पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बोल्ट, स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजचे नट आणि चाकांचे नट पुन्हा ठरल्या ताणाला आवळावेत. नव्याने बसवलेले पाटे आणि नवी रबरे बसू लागली, की यू-बोल्ट हमखास सैल होतात, आणि तसेच ट्रेलला गेल्यास ॲक्सल जागेवरून सरकतो. पुढची चाके हवेत उचलून किंगपिनचा आणि चाकांच्या बेअरिंगचा खेळ पाहावा, सर्व तेले काढून त्यांत लोखंडाचा चुरा किंवा पाणी आहे का ते तपासावे, टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूला असणारा कल) पुन्हा मोजावा आणि मगच पहिली चिखलाची वाट धरावी.